लाकडाचं विशेष ज्ञान नाही

नोटीस रजिस्टर पोस्टाने आली, आणि ती पोचली की नाही ते बघायला तासाभरात अक्का स्वतः चालत आली. राहते दोन गल्ल्या सोडून. दादा कारखान्याच्या पायरीवर उभे राहून पाकीट फोडत होते, तर समोर ही. मिळाली का, म्हणून विचारलं. दादा म्हणाले, मिळाली. मग तिने भावजयीच्या हातचा कपभर चहा घेतला, साखर जास्त झाल्याचं सांगितलं आणि गेली. सख्ख्या भावांना वकिलाची नोटीस धाडायची आणि वर त्यांच्याच घरचा चहा प्यायचा, हे अक्कानेच करावं. बाकी कुणाची छाती नाही.

नोटीस दोघा भावांच्या नावे होती. नावांखाली लिहिलं होतं, ‘तुतीच्या झाडाचे मालक, दोघांपैकी जे कोणी असतील ते’. हे ‘जे कोणी असतील ते’ अक्काने वकिलाला मुद्दाम घालायला लावलं, याबद्दल दादांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. लहानपणी ती असेच चिमटे काढायची, आणि रडलं की म्हणायची, मी कुठे हात लावला?

आता ते झाड. वडिलांच्या वेळी जागा एकच होती. पुढे तिचे दोन भाग झाले. अलीकडे दादांचा फर्निचरचा कारखाना आणि मागे घर, पलीकडे धाकट्याची लाँड्री आणि वर घर. धाकटा म्हणजे वयाने एकसष्ट, पण घरातला धाकटा तो धाकटाच. मधलं तारेचं कुंपण तुतीच्या बुंध्यापाशी येतं, थांबतं, आणि बुंध्याच्या पलीकडून पुन्हा सुरू होतं. कारण तार ओढली त्या दिवशी ती झाडाच्या कुठल्या बाजूने न्यायची यावरून दोघांची जी जुंपली, ती संध्याकाळपर्यंत मिटेना, आणि तारवाला कंटाळून मधली जागा तशीच सोडून निघून गेला. तेव्हापासून तीस वर्षं दादा म्हणत आले, झाड माझं, ते राहणार. धाकटा म्हणत आला, झाड माझं, ते तोडणार. कारण दर उन्हाळ्यात पिकलेल्या तुती टपाटपा त्याच्या वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर पडायच्या, आणि तो जांभळा डाग काढणारा साबण अजून कुणी शोधलेला नाही.

सहा आठवड्यांपूर्वीच्या एका रविवारी, वाऱ्याची झुळूक नसताना, त्या झाडाची मांडीएवढी फांदी कडाडून खाली आली. खाली भाऊजी बसले होते. भाऊजी म्हणजे अक्काचे यजमान. दर रविवारी सकाळी ते तिथे खुर्ची टाकून दादांबरोबर चहा प्यायचे. डोकं वाचवायला त्यांनी उजवा हात वर केला. डोकं वाचलं आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दुसऱ्या कुणाचं मनगट असतं तर एवढं वाटलं नसतं. भाऊजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागच्या जागी बसवायची, हा त्या मनगटाचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने चिमट्याला हात लावायचा नाही, आणि पुढचं पुढे बघू. दुकानाचं शटर त्या दिवशी जे खाली आलं ते खालीच. दोघे भाऊ रोज बघायला जायचे. फळं नेली, उशा नेल्या, धाकट्याने चादरी कडक इस्त्री करून नेल्या. पण झाड कुणाचं, या विषयावर दोघांच्या तोंडाला कुलूप. आणि आपापसात मात्र दादा म्हणायला लागले की मुळं बघितली तर बरीचशी तुझ्याच बाजूला आहेत, आणि धाकटा म्हणायला लागला की सावली तर सगळी तुझ्या कारखान्यावर पडते. तीस वर्षांचं माझं-माझं एका दुपारीत तुझं-तुझं झालं. अक्का हे पाच आठवडे बघत होती. सहाव्या आठवड्यात तिने नोटीस धाडली.

नोटिशीत प्रश्न दोनच. झाड कुणाचं? आणि ते धोक्याचं झालंय हे मालकाला माहीत होतं का?

उत्तर लिहायचं काम धाकट्याच्या मुलीकडे आलं. ती आठ वर्षांची असल्यापासून तिला घरात वकीलीण म्हणतात. पुढे ती खरोखरच वकील झाली, तेव्हा कुणाला आश्चर्य वाटलं नाही. रविवारी सकाळी कारखान्यात सगळ्यांनी जमायचं, मसुदा वाचायचा आणि दोघा भावांनी सह्या करायच्या, असं तिने ठरवलं. भुसा झाडून, मधल्या मोठ्या टेबलावरचे रंधे-पटाश्या उचलून दादांच्या बायकोने खुर्च्या मांडल्या. सगळे बसतात न बसतात तोच अक्का आली, बरोबर हात गळ्यात बांधलेले भाऊजी.

वकीलिणीने कपाळाला हात लावला. तिने आत्याला समजावून सांगितलं की तू विरुद्ध पक्ष आहेस, आम्ही काय उत्तर देणार ते तू आधी ऐकायचं नसतं. अक्काने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"असेन मी विरुद्ध पक्ष," ती म्हणाली. "पण पोस्टाने यायला तीन दिवस लागतात. तोंडावर वाच. आणि माझ्या चहात साखर कमी."

ती बसली म्हणजे बसली. तिला उठवण्याचा प्रयत्न या घरात शेवटचा कुणी केला होता ते कुणाला आठवत नाही. भाऊजी दादांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकले, त्यांच्या नेहमीच्या जागी, आणि दादांनी न बोलता त्यांचा कप डाव्या हाताला सरकवून ठेवला.

या दोघांचं फार जुनं जमतं. भाऊजी बोलतात कमी, ऐकतात जास्त. घड्याळ कानाला लावलं की ते आतलं दुखणं सांगतात. दादांचंही तसंच, फक्त लाकडाच्या बाबतीत. बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं की लाकूड कुठलं, किती मुरलेलं, आतून भरीव की पोखरलेलं, सगळं सांगणार. सवय अशी की कुणाच्या घरी गेले तर आधी दार ठोकतात, आणि ते आत येण्यासाठी नव्हे. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले होते, तेव्हा मुलीकडे बघायच्या आधी त्यांनी टेबल ठोकून बघितलं होतं. ती मुलगी म्हणजेच दादांची बायको, आणि ती हे आजतागायत विसरलेली नाही. पोरांनी या दोन काकांची नावं ठेवली होती, टकटककाका आणि टिकटिककाका. कारखान्याच्या दारावर वडिलांच्या हातची पाटी होती, ‘येथे लाकूड पारखून मिळेल’. दूरदूरची माणसं टेम्पोतून फळ्या घालून आणायची, दादा ठोकायचे, आणि दादांनी मान हलवली की ती माणसं निमूट फळ्या परत न्यायची.

वकीलिणीने आधी कायदा सांगितला. झाड पडलं एवढ्यावरून मालक जबाबदार ठरत नाही. झाडं पडतातच. प्रश्न असा, की धोका मालकाला माहीत होता का, किंवा कळायला हवा होता का. साधा माणूस वर बघतो, पानं हिरवी दिसतात, तो म्हणतो झाड बरं आहे. त्याला कुणी दोष देणार नाही. पण ज्याला लाकडातलं कळतं, त्याला कायदा साध्या माणसाच्या मापाने मोजत नाही. त्याला विचारतात, तुला कळत होतं ना, मग काय केलंस?

एवढं बोलून तिने थोरल्या काकांकडे न बघता मसुदा वाचायला घेतला. कलम एक, झाडाची मालकी अनिश्चित आहे. दोघा भावांनी मान डोलावली. तीस वर्षांत दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य. कलम दोन, फांदी वरून हिरवीगार होती. कलम तीन, अपघात निव्वळ दुर्दैवाने झाला. आणि कलम चार.

"‘माझ्या दोन्ही अशिलांपैकी कुणालाही झाडांचं अथवा लाकडाचं कोणतंही विशेष ज्ञान नाही.’"

 दादांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. धाकटा खोकला. तो खोकला नव्हता, पण त्याने खोकला म्हणून चालवून घेतलं. भाऊजींच्या मिश्यासुद्धा हलल्या. अक्काने वर मान करून आत उघडलेल्या दारावरच्या पाटीकडे बघितलं, सावकाश, एकेक अक्षर वाचत असल्यासारखं, आणि परत खाली बघून चहाचा घोट घेतला.

वकीलीण बिचारी कानशिलापर्यंत लाल झाली. पण काम ते काम. तिने आवाज न बदलता सांगितलं की पाटी खाली घ्यावी लागेल, निदान हे मिटेपर्यंत. आणि मोठ्या काकांनी चारचौघांत काही ठोकून बघू नये.

दादांना हसायला आलं नाही. आणि ते काही पाटीमुळे नव्हे.

ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. वसंतात, तुतीला नुकती पालवी फुटली होती तेव्हा, असाच रविवार होता. भाऊजी खाली बसले होते. दादा चहाचा कप हातात घेऊन उभे होते आणि सवयीने त्यांनी वरच्या फांदीवर पेर ठोकलं. भरीव लाकूड टक् म्हणतं. ही फांदी ढब् म्हणाली. त्यांनी पुन्हा ठोकलं, जरा पुढे. पुन्हा ढब्. आतून पार पोखरली होती. आणि नेमका त्याच वेळी कुंपणापलीकडे धाकटा चादरी वाळत घालत होता, कान इकडे लावून. त्या आठवड्यात तो झाडतोड्यालाच घेऊन आला होता. दादांनी त्याला फाटकातून परत पाठवलं होतं. पोकळ आहे, एवढा एक शब्द दादांच्या तोंडून निघायचा अवकाश, की धाकटा उरलेला जन्मभर म्हणणार होता, बघ, मी सांगत नव्हतो?

म्हणून दादा कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "ठणठणीत आहे." पुढे दर रविवारी भाऊजींना खुर्ची जरा इकडे घ्या, उन्हात बसा, असं काहीबाही सांगून बघितलं. भाऊजी म्हणायचे, नको, इथे सावली छान आहे. दादा मनात म्हणायचे, तुती संपू देत, धाकट्याचं लक्ष नसेल तेव्हा गुपचूप फांदी उतरवू. दिवस गेले, आणि फांदी आपली आपण उतरली.

वकीलिणीने पेन पुढे केलं. धाकट्याने फर्रकन सही ठोकली. कागद दादांपुढे आला. अक्का समोर बसून नुसती बघत होती, आणि दादांना तिचं ते बघणं सहन होईना. भाऊजींना त्यांची दया आली असावी. करून टाका सही, ते म्हणाले, माझी काही तक्रार नाही, ही नोटीसबिटीस हिचं खूळ आहे.

दादांनी पेन उचललं. विचार करताना त्यांनी ते उलटं धरून टेबलावर दोनदा आपटलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, की या टेबलाचा उजवा पाय सैल झालाय, सांध्यात चिकटवायचा सरस उरलेला नाही.

वकीलिणीने डोळे मिटले. "मोठे काका," ती म्हणाली, "हे. हेच करू नका."

आता मात्र सगळे हसले. धाकट्याने वाकून टेबल हलवून बघितलं आणि पाय खरंच सैल आहे असं जाहीर केलं, जणू कुणाला शंका होती. हसणं ओसरलं तरी दादा कागदाकडेच बघत होते. मग त्यांनी कलम चारवर एक आडवी रेघ मारली. पटाशी चालवावी तशी, सरळ, एका दमात.

"झाड माझं," दादा म्हणाले. "आणि मला माहीत होतं. वसंतातच ठोकून बघितलं होतं. पोकळ होतं. धाकट्यासमोर हार नको म्हणून मी खोटं बोललो."

धाकट्याचं हसू जागच्या जागी विझलं. वकीलीण काहीतरी म्हणायला गेली, तर तिच्या बापानेच तिचा हात दाबला. दादांची बायको उभी होती ती खाली बसली. दादांना अक्काकडे बघायची हिंमत नव्हती. ते भाऊजींच्या गळ्यातल्या पट्टीकडे बघत राहिले.

 भाऊजींनी डाव्या हाताने कप बशीत ठेवला.

"ऐकलं होतं मी," ते म्हणाले.

दादांना कळेना, काय ऐकलं होतं.

"तो आवाज. दोनदा ठोकलंत ना तुम्ही. मला तो बद्द वाटला होता. पण मी घड्याळवाला, लाकडातलं मला काय कळतं. तुम्ही ठणठणीत म्हणालात, म्हणून बसून राहिलो."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते तारीख सांगावी तसं सांगितलं. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगांचा आवाज ऐकणारा माणूस स्वतःचा कान खोटा पाडून दादांच्या शब्दाखाली बसला होता, रविवारमागून रविवार, आणि दादा त्याला खुर्ची उन्हात घ्या म्हणत होते. दादांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. चुकलं माझं भाऊजी, एवढंच त्यांना म्हणता आलं.

पहिल्यांदा हलला तो धाकटा. त्याने कागद आपल्याकडे ओढला आणि आपलं नाव पुन्हा बघितलं.

"झाड तुझं कसं?" तो म्हणाला. "मुळं सगळी माझ्या बाजूला आहेत. तूच सांगतोस ना."

दादा म्हणाले, गप बस, हा तुझा प्रश्न नाही. धाकटा म्हणाला, प्रश्न कसा नाही, तीस वर्षं झाड माझं म्हणून ओरडतोय, आता अंगाशी आलं तर एकटा घेऊन बसतोस होय? दादा म्हणाले, तुला ठाऊकच नव्हतं. धाकटा म्हणाला, मी डागांशिवाय दुसरं काही बघितलंच नाही कधी, हेही माझंच चुकलं. आवाज चढले. पाच आठवडे एकमेकांच्या गळ्यात घातलेलं झाड आता दोघे एकमेकांच्या हातातून ओढायला लागले, आणि वकीलीण एकदा बापाकडे, एकदा काकाकडे बघत बसली. जबाबदारी घेण्यासाठी भांडणारे अशील तिने याआधी पाहिले नव्हते.

"अर्धं अर्धं लिही गं," अक्का म्हणाली, आणि दोघे गप्प झाले.

मग तिने दादांकडे बघितलं. दादांना वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ते ऐकायला तयार होते. पण अक्काचा आवाज वेगळाच होता.

"एवढंच हवं होतं मला," ती म्हणाली. "गेले पाच आठवडे हे झोपेतसुद्धा म्हणतात, दादा कसे काय चुकले. हात मोडला त्याचं एवढं नाही रे. तुझा कान गेला की काय, याचीच यांना काळजी."

दादांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी कपात बघत होते, उगाच, कप रिकामा होता.

पुढचं वकीलिणीने नव्या कागदावर लिहिलं. झाड दोघांचं. थोरल्याला माहीत होतं. भाऊजींचा हात चालू होईपर्यंत दुकानाचं आणि घरचं दोघा भावांनी बघायचं. शिवाय दादांनी सकाळी दुकानाचं शटर उघडून भाऊजींच्या शेजारी बसायचं, आणि ते सांगतील ते चिमट्यात धरायचं, हे अक्काने स्वतः घालायला लावलं. दादा म्हणाले, माझी बोटं जाड आहेत. अक्का म्हणाली, बारीक होतील. या वेळी सह्या झाल्या तेव्हा कुणी टेबल ठोकलं नाही.

उठल्यावर भाऊजी सवयीने बाहेर गेले. तुती अर्धी उरली होती. फांदी तुटली तिथे खोडावर पिवळट घाव दिसत होता, आणि दुसरी मोठी फांदी अजून कारखान्याच्या अंगणावर पसरलेली होती. तिच्या खाली भाऊजींची खुर्ची कुणीतरी पुन्हा मांडून ठेवली होती. ते बसले आणि वर बघितलं.

"ही कशी आहे?" त्यांनी विचारलं.

दादा फांदीखाली गेले. मागे दारात सगळे येऊन उभे राहिले. कुंपणाच्या फटीतून पलीकडे धाकट्याच्या चादरी दिसत होत्या, पांढऱ्या, आणि धाकटा स्वतः अलीकडे दादांच्या खांद्याशी उभा होता. दादांनी हात वर केला आणि पेराने ठोकलं. एकदा. थोडं पुढे सरकून पुन्हा एकदा.  भाऊजींनी मान जरा कलती केली होती, घड्याळ ऐकताना करतात तशी.

"पोकळ आहे," दादा म्हणाले.

भाऊजींनी मान डोलावली. मलाही तसंच वाटलं, ते म्हणाले. मग त्यांनी डावा हात दादांपुढे केला, दादांनी त्यांना उठवलं, आणि धाकट्याने खुर्ची उचलून उन्हात नेऊन ठेवली.